मातीतला डीडीटी दहा वर्षांत खरंच घटला का? दोन अहवालांची तुलना कशी करायची?

काळीभुई:
नमस्कार मंडळी. भारी काळ्या जमिनीचा तीन एकरांचा तुकडा आहे. 1989 च्या आधी तिथे कापूस असायचा. डीडीटी आणि बीएचसी (म्हणजेच एचसीएच) या दोन्ही कीटकनाशकांच्या पावडरी धुरळल्या जायच्या. 2014 च्या अहवालात फक्त ‘एकूण डीडीटी 84 पीपीबी’ (किलोभर मातीत 84 मायक्रोग्रॅम) एवढंच आहे. 2024 चा असा (पीपी, ओपी हे रेणूचे प्रकार; डीडीई, डीडीडी हे डीडीटी मोडून होणारे पदार्थ): पीपी-डीडीई 41, पीपी-डीडीटी 5, ओपी-डीडीटी 2, डीडीडी 3, बीटा-एचसीएच 7, एन्डोसल्फान सल्फेट 4, बाकी सगळं 2 च्या खाली. म्हणजे डीडीटी गटाची बेरीज धरली तर 84 चे 51 झाले. या वेगाने जमीन साफ व्हायला किती वर्षं लागतील? तिथे काकडी, लाल भोपळा, गाजर घेतलं तर चालेल का? सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी रूपांतरण (रासायनिककडून सेंद्रियकडे जाण्याचा काळ) सुरू करायचं आहे.

नांगरतास:
नुसतं गणित केलं तर अर्धआयुष्य (अवशेष निम्मा व्हायला लागणारा काळ) साधारण 14 वर्षं येतं. पण या दोन आकड्यांवरून ते काढूच नका.

आधी खोली बघा. 2014 चा नमुना वरच्या 15 सेंमीचा असेल आणि मधल्या काळात 30 सेंमीपर्यंत खोल नांगरट झाली असेल, तर एक ग्रॅमही न जाता 84 चे 42 दिसतील. म्हणून पीपीबीऐवजी एकरी ग्रॅम काढा. एक एकर, 15 सेंमी थर, मातीची घनता 1.3 धरली तर माती होते सुमारे 790 टन. म्हणजे 1 पीपीबी = 0.79 ग्रॅम. तुमचे 51 म्हणजे एकरी 40 ग्रॅम. अंदाज यावा म्हणून सांगतो: 10 टक्क्यांची बीएचसी पावडर एकरी 10 किलो टाकली की 1 किलो एचसीएच पडायचं, म्हणजे एकाच धुरळणीत वरच्या थरात 1,200 पीपीबीच्या वर.

दुसरं म्हणजे ओल. आकडा कोरड्या वजनावर आहे की ओल्या? 20 टक्के ओल असलेल्या मातीचे ओल्या वजनावरचे 51 म्हणजे कोरड्यावर 64. शिवाय अवशेष तपासणीत अनिश्चितता साधारण 50 टक्के धरतात. 84 चा पट्टा 42 ते 126 आणि 51 चा 26 ते 77. दोन्ही एकमेकांत घुसतात. घट झाली असेलही, पण या कागदांवरून ती सिद्ध होत नाही.

उतारा_तपासनीस:
नांगरतास यांच्या मुद्द्याला जोडून प्रयोगशाळेच्या बाजूने दोन गोष्टी.

कोरडी माती थेट अॅसिटोनायट्राइल या द्रावकात हलवली तर जुना अवशेष नीट सुटत नाही. 10 ग्रॅम मातीत आधी 10 मिली पाणी घालून अर्धा तास भिजू द्यावी लागते. डीडीटी वर्षानुवर्षं चिकणमाती आणि ह्यूमसच्या बारीक छिद्रांत शिरत जातो. नमुन्यात ताजं द्रावण मिसळून केलेली रिकव्हरी (मिसळलेल्यापैकी परत मिळालेला भाग) 90 टक्के आली तरी जुना अवशेष तेवढाच सुटला असं होत नाही. पद्धत बदलली की खोटी घट दिसते.

दुसरं: जीसीचा (अवशेष मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्राचा) नमुना सोडायचा गरम भाग मातीच्या अर्काने मळला की पीपी-डीडीटी तिथेच मोडतो आणि डीडीई, डीडीडी वाढलेले दिसतात. हे मोडणं 15 टक्क्यांच्या आत आहे का, त्या दिवशीची नोंद मागा. चांगली प्रयोगशाळा ती देते.

आता अहवालाचं वाचन. डीडीटी 5 आणि डीडीई-डीडीडी मिळून 44, म्हणजे माल जुनाच आहे. हवेशीर जमिनीत डीडीटीचा डीडीई होतो आणि काळ्या जमिनीचा जास्त सामू त्याला मदत करतो. पाणी तुंबलेल्या भातखाचरात डीडीडी होतो. मोडतोड झाली म्हणून सुटका झाली असं मात्र नाही, कारण डीडीई मूळ डीडीटीपेक्षाही चिवट आहे. ओपी आणि पीपी डीडीटीचं गुणोत्तर तुमच्याकडे 0.4 येतं. डीडीटी पावडरीत ते 0.2 ते 0.3 असतं, तर डायकोफॉल या कोळीनाशकातल्या डीडीटी-अशुद्धीत 7 च्या आसपास. 2 आणि 5 हे आकडे मोजणीच्या तळाशी आहेत, त्यामुळे त्यांवर फार भार टाकू नका, पण लाल कोळीसाठी डायकोफॉल फवारला होता का ते आठवून बघा. बीटा-एचसीएच ही बीएचसीची खूण. अल्फा, बीटा, गॅमा हे एचसीएचचे प्रकार; पावडरीत बीटा जेमतेम 5 ते 12 टक्के असायचा, अल्फा 60 ते 70. अल्फा-गॅमा उडून, मोडून जातात. बीटा मागे उरतो.

वेलवाफा:
पिकांचं आधी सांगतो, कारण चूक इथेच महागात पडते. लाल भोपळा आणि झुकिनी नको. ही पिकं मुळांतून डीडीई आणि डिल्ड्रिन (आणखी एक जुनं कीटकनाशक) ओढून वेलीत, फळात चढवतात. बाकीची बहुतेक पिकं तसं करत नाहीत. जपानमध्ये डिल्ड्रिन 1970 च्या दशकात बंद झालं, तरी 2000 नंतरही काकडीत सापडलं. तिथे अवशेष कमी ओढणाऱ्या भोपळ्याच्या खुंटावर काकडीचं कलम करणं आणि मातीत सक्रिय कोळसा मिसळणं हे दोन उपाय तपासले गेले. कोळशाने अवशेष जागीच धरून राहतो, जात नाही. 1 टक्का धरला तर एकरी 8 टन लागतो, म्हणून तो फक्त वाफ्यापुरता परवडेल.

गाजरात अवशेष मुख्यतः सालीत बसतो. तेही टाळा. वांगी, टोमॅटो, भेंडी, कोबी ठीक. पहिल्या तोड्याचा माल तपासून घ्या. युरोपात बहुतेक भाज्यांसाठी डीडीटीची मर्यादा 0.05 मिलिग्रॅम प्रति किलो आहे. जनावरं त्या तुकड्यात चरायला सोडू नका. आखूड गवताबरोबर माती पोटात जाते आणि डीडीई, बीटा-एचसीएच दुधाच्या फॅटमध्ये उतरतात.

रूपांतरणाचा काळ तुमची शेतीपद्धत मोजतो, मातीतला डीडीई नव्हे. प्रमाणन संस्थेला अहवाल आधीच दाखवा.

काळीभुई:
खूप आभार. मग पुन्हा नमुना कसा घेऊ, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करता येईल?

नांगरतास:
दर एकराचा वेगळा नमुना. नागमोडी चालत 15 ते 20 ठिकाणं. बांध, जुनी खताची जागा आणि फवारणीचं पाणी भरायची जागा सोडून. प्रत्येक ठिकाणी 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंमी वेगवेगळे. स्टीलचा ऑगर (माती काढायचा गिरमिट), प्लास्टिकची बादली नको. चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत 500 ग्रॅमवर या. काचेची बरणी, झाकणाखाली अॅल्युमिनियम फॉइल. उन्हात वाळवू नका, औषधांच्या खोलीत तर अजिबात नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला 1843 पासूनची माती जपून ठेवलेली आहे. तिथेही साठवलेल्या कोरड्या मातीने हवेतले पीसीबी (चिवट औद्योगिक रसायनं) शोषल्याचं आढळलं.

दर नमुन्यातली 250 ग्रॅम माती घट्ट बंद करून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बरणीवर तारीख, खोली आणि शेवटची खोल नांगरट कधी झाली ते लिहा. पाच वर्षांनी नवी आणि जुनी माती एकाच दिवशी, एकाच यंत्रावर लावा.