नील बेटावर आईबाबांना घेऊन चार रात्री, जरा जास्त होतील का?

रमा_कोथरूड:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आईबाबांना घेऊन अंदमानला जायचं ठरतंय. बाबांना सेल्युलर जेल बघायचंच आहे, सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते हे ते आम्हाला लहानपणापासून सांगत आलेत, ते एक झालं की आम्हाला बाकी काहीच उरकायचं नाहीये. बाबा नुकतेच रिटायर झालेत, आईच्या गुडघ्याचं मागच्या वर्षी ऑपरेशन झालंय आणि कामाने माझा पार पिट्ट्या पडलाय, त्यामुळे कुठेतरी शांत बसायचं, समुद्र बघायचा, दुपारी झोपायचं एवढंच हवंय. टूरवाल्यांचं पॅकेज बघितलं तर रोज पहाटे उठा, बोट पकडा, फोटो काढा, परत बोट. नील बेटाला तर दोन बोटींच्या मधले काही तास दिलेत फक्त! मला वाटतंय पॅकेज सोडून द्यावं आणि नीललाच सलग चार रात्री राहावं. पण घरचे सगळे म्हणतायत एवढ्याशा बेटावर करणार काय. कंटाळा येईल का खरंच? आईला झेपेल का? आणि ती शुद्ध शाकाहारी आहे, तिथे सगळं मासेच असेल ना?

दर्यावर्दी:
जरूर राहा, अजिबात जास्त नाही होणार. माझी काही वर्षं पोर्ट ब्लेअरला नोकरी होती (आता सरकारी नाव श्री विजयपुरम, तिकिटावर ते दिसलं तर गोंधळू नका) आणि सुट्टी मिळाली की आम्ही नीललाच पळायचो. बेट अगदी छोटं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रिक्षाने पाऊण तास पण लागत नाही, रस्ता बराचसा सपाट, दोन्ही बाजूला भातशेती, सुपारी, केळी. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना इथे जमिनी दिल्या, त्यांचीच ही गावं. किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर आणि गाव रामनगर, आईला आवडेल बघा. शाकाहाराची काळजी तर सोडूनच द्या, अख्ख्या अंदमानला भाजी पुरवणारं बेट म्हणून नीलचं नाव आहे, बाजारात सकाळी ताजी वांगी, दुधी, पालेभाजी येते. फक्त जेवणाची ऑर्डर दोन-तीन तास आधी सांगून ठेवायची आणि मासे तळलेल्या तेलात भाजी नको हे स्पष्ट सांगायचं, ऐकतात ते लोक.

बाबांसाठी अजून एक, बेटाचं आताचं नाव शहीद द्वीप आहे. नेताजींनी १९४३ मध्ये अंदमानला शहीद आणि निकोबारला स्वराज ही नावं दिली होती, २०१८ मध्ये ती नील आणि शेजारच्या हॅवलॉक बेटाला दिली. त्याआधीचं नील हे नाव १८५७ च्या उठावात क्रूरपणे वागलेल्या इंग्रज अधिकाऱ्याचं.

आता महत्त्वाचं. परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा, नीलहून सकाळी बोट आणि दुपारी विमान असलं धाडस करू नका. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, मग कोणी काही करू शकत नाही. फेब्रुवारीत समुद्र बहुतेक शांत असतो तरी. येताना पण पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवा, त्यात बाबांचं जेल आणि संध्याकाळचा लाईट अँड साउंड शो होऊन जाईल.

मीठगवाणे:
वरच्यांनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त भरती-ओहोटीबद्दल लिहितो कारण नीललाच ते सगळ्यात जास्त कामाला येतं आणि कोणी सांगत नाही. तारखा ठरवताना कॅलेंडरवर तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे ओहोटीला पाणी खूप लांब जातं, आणि अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. भरतपूरला पाणी उथळ आणि तळाला प्रवाळ, उधाणाच्या ओहोटीला लांबवर गुडघाभर पाणीसुद्धा राहत नाही, तेव्हा डुंबायचं असेल तर भरतीलाच जायचं. उलट लक्ष्मणपूर दोन या किनाऱ्यावरचा नैसर्गिक दगडी पूल बघायचा तर ओहोटीच लागते, आणि उधाणाच्या दिवसांत ती जास्त मिळते. दगडांच्या खळग्यांत जे पाणी साचून राहतं ना त्यात वाकून बघत बसायचं नुसतं, निळे बोटभर मासे, समुद्री काकड्या, तारामासे, एखादा मोठा शिंपला आपली निळसर-जांभळी कडा हळूच आत घेतो. माझा तर अख्खा वेळ तिथेच जातो. आपला कोकणातला भरतीच्या वेळेचा हिशोब, तिथी गुणिले तीन भागिले चार, तो तिथे लावू नका, वेळा वेगळ्या आहेत, पोर्ट ब्लेअरचं भरतीचं टाइमटेबल मोबाईलवर मिळतं ते बघा. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकत जातं, चार रात्री राहिलात की तुमचा दिवस आपोआप त्यावर बसतो, तासाभरासाठी येणाऱ्यांना नशिबात असेल ते मिळतं.

पण रमाताई, आईंना त्या पुलापर्यंत नेऊ नका. मेलेल्या प्रवाळावरून आणि शेवाळलेल्या दगडांवरून चालायचं असतं, चांगले धडधाकट लोक घसरतात. त्यांच्यासाठी लक्ष्मणपूर एक बघा, संध्याकाळी सूर्य तिथेच मावळतो, मऊ वाळू आहे. आणि लवकर मावळतो हां, फेब्रुवारीत साडेपाचच्या आसपास, आपल्यासारखं साडेसहा धरून निघालात तर अंधारच दिसेल.

स्नेहल_वाशी:
मी थोडं वेगळं म्हणते. नील छानच आहे पण एवढ्या लांब जाऊन हॅवलॉकचा राधानगर बीच न बघता यायचं म्हणजे फार जिवावर येतं, इतकी लांबरुंद पांढरी वाळू आणि मागे उंच झाडांचं जंगल भारतात दुसरीकडे मी तरी नाही पाहिलं. दोन रात्री तिथे दोन नीलला असं का नाही करत?

दर्यावर्दी:
स्नेहलताई, तुमचं राधानगरबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण दोन बेटं केली की बोटीचा एक फेरा वाढतो, म्हणजे सामान, धक्क्यावरची रांग, ऊन, बोटीत चढउतर, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला त्रास होतो तो नेमका याचाच. ज्यांना विश्रांतीच हवीय त्यांनी एकच बेट धरावं असं माझं अगदी ठाम मत आहे. बोटीबद्दल, खाजगी कॅटामरान, म्हणजे वेगवान बोटी, तासा-दीड तासात नेतात पण बऱ्याचशा बंदिस्त, एसीवाल्या असतात, ज्यांना बोट लागते त्यांनी अर्धा तास आधी गोळी घ्यावी आणि मधल्या-मागच्या सीट्स मागाव्यात. सरकारी बोट स्वस्त, जास्त वेळ घेते, पण तिकिटं पटकन संपतात. आईंसाठी खाजगी आधीच बुक करा. आणि बेटावर छोटं आरोग्य केंद्र आहे फक्त, मोठं हॉस्पिटल पोर्ट ब्लेअरला, तेव्हा रोजच्या औषधांचा साठा चार-पाच दिवस जास्तीचा न्या. रोख पैसे पण, नेटवर्कच्या भरवशावर यूपीआय धरून बसू नका.

रमा_कोथरूड:
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी, मनापासून आभार!! बाबांना शहीद द्वीपचं वाचून दाखवलं तर त्यांनी लगेच डायरीत लिहून घेतलं. हॅवलॉक या खेपेला नाही, ठरलं. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग चार नील, मग परत एक पोर्ट ब्लेअर. तिथी बघितल्या, मधले दिवस अष्टमीच्या जवळ येतील असं बघतेय म्हणजे आईला पाण्यात बसता येईल. खोली कुठल्या बाजूला घ्यावी?

मीठगवाणे:
भरतपूर-धक्क्याच्या बाजूला घ्या, बाजार आणि आरोग्य केंद्र जवळ पडतं. सीतापूर फार सुंदर, सूर्योदय तिथलाच, पण लांब पडतं, सकाळी रिक्षाने जाऊन या. तळमजल्याची खोली, वेस्टर्न संडास आणि पायऱ्या किती हे फोनवर विचारूनच पैसे भरा. संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात, नंतर खूप खाज सुटते, आईबाबांना पायभर कपडे घालायला सांगा आणि चादरीपेक्षा खुर्चीवर बसवा. आणि शिंपले, प्रवाळाचे तुकडे कितीही आवडले तरी बॅगेत टाकू नका, प्रवाळ न्यायला कायद्याने बंदी आहे आणि परतताना विमानतळावर तपासतात.