मदत हवी आहे: गावातल्या मुलींना भाषणाच्या पुढं काय द्यावं?

नमस्कार. इथली जुनी वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातलं. दर रविवारी दुपारी मारुतीच्या देवळात आठवी ते दहावीच्या मुली जमवते. चौदाजणी येतात. ३ जानेवारीला यातल्याच निम्म्या नऊवारी नेसून 'मी सावित्री बोलतेय' म्हणून शाळा दणाणून सोडतात. सगळं पाठ. "पण तुला काय वाटतं गं?" म्हटलं की ओढणीच्या टोकाला पीळ घालत बसतात.

म्हणून दिवाळीनंतर ठरवलं, खरंच काहीतरी करायचं. तालुक्याहून साडेसहाची एसटी येते तेव्हा थांब्यावर मिट्ट काळोख असतो. मुलींनी मोजलं: शेवटच्या चालू दिव्यापासून थांबा २१२ पावलं. नववीतल्या एकीनं (कबड्डीची कॅप्टन, आवाज वेशीपर्यंत जातो) चार कागद फाडून अर्ज लिहिला. विषय, महोदय, खाली चौदा सह्या. ग्रामपंचायतीत गेल्या, तर भाऊसाहेब (ग्रामसेवकांचं पदनाम बदललंय म्हणे, आमच्यात भाऊसाहेबच) हसून म्हणाले, "बाळांनो, घरचं कुणीतरी मोठं पाठवा." अर्ज घेतलाच नाही. सरपंच बाई आहेत, पण खुर्चीत त्यांचे मिस्टर होते. ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे. त्यावर वेगळा धागा निघेल.

एवढ्यावर भागलं असतं तर लिहिलं नसतं. दोन घरांतून निरोप आला, "पोरी लई पुढं पुढं करायला लागल्यात." मागच्या रविवारी बाराच आल्या. न आलेल्यांत कॅप्टन आहे. मीच घाई केली का, हे डोक्यातून जात नाही.

कुणी असं काम केलंय का? घरच्यांशी, विशेषतः वडलांशी, बोलायला सुरुवात कुठून करता? आणि तो अर्ज पुढं कसा न्यावा? कृपया वक्तृत्व स्पर्धा सुचवू नका.

प्रतिसाद १
ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावचे मतदार, त्यामुळे मुलींना तिथं मत नाही. पण ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, कायद्यात आहे. २६ जानेवारीच्या आधीची गाठा. मागणी आयांनी मांडायची, मुलींनी सोबत बसायचं, आणि इतिवृत्तात लिहिलं का ते तिथंच वाचून घ्यायचं. पंचायतीनं उत्पन्नाचे १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात, तेही विचारा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

प्रतिसाद २
वडलांना बोलवू नका, तुम्ही घरी जा. आणि अर्जाचं काढूच नका. आमच्याकडं आजीला पटलं की बाकीच्यांचं आपोआप पटतं.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. कॅप्टनच्या घरी जाऊन आले. आजी शेंगा फोडत होत्या, मीही बसले फोडत. तासाभरानं त्याच म्हणाल्या, "त्या थांब्यावर मी पडले होते गेल्या साली." महिला सभेला त्या येणार आहेत, नातीला घेऊन. वडील काही बोलले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

काल बाराजणी पुन्हा गेल्या, दोन प्रती घेऊन. पोच मिळाली, शिक्क्यासकट. आता त्या कागदाला लॅमिनेशन करायचं म्हणतायत. चालतं का हो, की पुढं कुठं दाखवायला अडचण येईल?