पायाभूत ते संकलित 2 : वर्गाची सरासरी वाढली, मग मुलांची प्रगती झाली असं म्हणायचं का?

चौथीची वर्गशिक्षिका (बीड जिल्हा)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. पॅटच्या, म्हणजे राज्याच्या नियतकालिक मूल्यांकनाच्या, वर्षातल्या तिन्ही चाचण्यांचे (पायाभूत, संकलित 1, संकलित 2) गुण चॅटबॉटवर भरून झालेत. परवा आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेची गणिताची सरासरी मांडली गेली. माझ्या वर्गाची अशी :

पायाभूत (जुलै) : 18 मुलं, 54 टक्के
संकलित 1 : 18 मुलं, 49 टक्के
संकलित 2 (एप्रिल) : 14 मुलं, 61 टक्के

संकलित 1 नंतर वर्ग खाली का गेला, याचा खुलासा मला लेखी द्यावा लागला होता. आता त्याच वर्गाचं, 12 टक्के वाढ म्हणून सगळ्यांसमोर कौतुक झालं. मला खुलासाही पटला नव्हता आणि कौतुकही पटत नाही.

खुलासा का पटला नाही ते सांगते. वर्गातली एक मुलगी जुलैमध्ये 52 वजा 17 चं उत्तर 45 लिहायची. दोन अंकांतला जो मोठा, त्यातून लहान वजा करायचा, मग तो वर असो की खाली, हा तिचा नियम. काड्यांचे गठ्ठे सोडून सोडून तिला दशक सुटा करणं कळलं. दिवाळीच्या आधी ती न अडखळता 35 काढायला लागली, आणि पडताळा म्हणून 35 मध्ये 17 मिळवूनही बघायची. पण पायाभूत चाचणी तिसरीच्या अभ्यासावर होती आणि संकलित 1 चौथीच्या पहिल्या सत्रावर. तिथे गुणाकाराची शाब्दिक उदाहरणं आली आणि तिचे दोन गुण कमी झाले. जिने वर्षातली सगळ्यात मोठी अडचण ओलांडली, ती कागदावर मागे गेली.

कौतुक का पटत नाही? दिवाळीनंतर चार मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. बाकीच्यांची आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात सोय झाली, या चौघांची नाही झाली. एप्रिलच्या पेपरला ती आलेली नव्हती. संकलित 1 मध्ये या चौघांची सरासरी 30 होती. पटावर त्यांची नावं आहेत, 61 टक्क्यांत ती कुठेच नाहीत.

वर्षभरात मूल किती पुढे गेलं हे एका शिक्षिकेला, हातात असलेल्या पेपरांवरून आणि एक्सेलवरून, खरेपणाने कसं सांगता येईल? जाणकारांनी कृपया लिहावं.

आकडेमोड (पुणे)

ताई, तुमची शंका अगदी बरोबर आहे. मी मूल्यमापनाच्या आकड्यांवरच काम करतो, तर आधी तुमचेच आकडे घेऊन बघू.

संकलित 1 ला 18 मुलांची सरासरी 49, म्हणजे सगळ्यांची टक्केवारी मिळून 882. त्यातून चौघांची 120 वजा केली की उरतात 762. भागिले 14, म्हणजे 54.4. एप्रिलला बसलेली 14 मुलं संकलित 1 ला आधीच 54 वर होती. 12 मधले साधारण साडेपाच टक्के नुसते पेपरला बसलेली मुलं बदलल्यामुळे आलेत. कुणी काही शिकलं नसतं तरी ते आलेच असते. म्हणून पहिला नियम : दोन्ही वेळा हजर असलेलीच मुलं घ्यायची, प्रत्येकाची स्वतःशी तुलना करायची आणि मग सरासरी काढायची. जी मुलं नव्हती त्यांची संख्या शेजारी लिहायचीच.

उरलेल्या साडेसहा टक्क्यांनाही मी प्रगती म्हणणार नाही. तीन पेपर तीन वेगळ्या अभ्यासक्रमांवर, आणि त्यांची काठिण्यपातळीही एक नाही. जुलैचे 54 आणि एप्रिलचे 61 एकाच पट्टीवरचे नाहीत, त्यामुळे त्यांची वजाबाकीच करता येत नाही. मोठ्या चाचण्यांमध्ये यासाठी काही प्रश्न मुद्दाम दोन्ही पेपरांत सामाईक ठेवतात. त्यांच्या आधाराने दोन्ही पेपरांतले सगळे प्रश्न एका श्रेणीवर बसवतात आणि मग मुलाचं स्थान त्या श्रेणीवर ठरतं. अमेरिकेतली मॅप ही चाचणी तिसरीतल्या आणि सातवीतल्या मुलाला एकाच श्रेणीवर मोजते, ती याच जोरावर.

हे तुम्हाला वर्गात छोट्या प्रमाणावर करता येईल. जुलैच्या पेपरातले वजाबाकी, स्थानिक किंमत, गुणाकाराचे सात-आठ प्रश्न निवडा, आकडे बदला, प्रश्नाचा घाट तोच ठेवा, आणि एप्रिलमध्ये वेगळ्या कागदावर सोडवून घ्या. तुमच्या त्या मुलीची प्रगती तिथे लख्ख दिसेल.

एकेका मुलाच्या दोन गुणांवर मात्र निष्कर्ष काढू नका. 20 प्रश्नांच्या पेपरात निम्मे सोडवणाऱ्या मुलाचा गुण दोनेक इकडे-तिकडे नुसत्या योगायोगाने होतो : एखादा अंदाज बरोबर लागतो, एखाद्या दिवशी डोकं दुखतं. दोन पेपरांतला फरक काढला की ही अनिश्चितता आणखी वाढते. आणि जुलैतच 20 पैकी 19 मिळवणारं मूल वर्षभर कितीही शिकलं, तरी त्या पेपरावर त्याला वर जायला जागाच नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख

22 जून 2015 चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा शासन निर्णय आला तेव्हा मी सेवेत होतो. पायाभूत चाचणीमागचा विचार चांगला होता : मूल कुठे आहे ते आधी बघा, मग शिकवा. पुढे केंद्रात सरासऱ्यांची उतरंड लागायला लागली आणि शिक्षक पेपरचा सराव घ्यायला लागले. दोष शिक्षकांचा नव्हता. ज्या आकड्यावरून तुमचा मान ठरणार, तो आकडा वाढवायला माणूस जिवापाड झटणारच.

मॅडम, मला विचाराल तर भाषेसाठी पायऱ्यांचा तक्ता ठेवा. असर हे स्वयंसेवी संस्थेचं सर्वेक्षण 2005 पासून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांवर मुलांचं वाचन बघतं. ते सर्वेक्षण घरोघरी नमुना घेऊन होतं, एकेका मुलाचा माग ठेवणं हे त्याचं काम नाही. पण पद्धत वर्गात सहज वापरता येते. पायरी बदलली की बदलली, तिथे टक्क्यांचा घोळ नाही. मुलाला शेजारी बसवून वाचायला लावा, तारीख टाका, दोन महिन्यांनी त्याच दर्जाचा पण नवा उतारा द्या.

राष्ट्रीय सर्वेक्षणांचे आकडे मात्र शाळेच्या प्रगतीसाठी कुणी तुमच्यासमोर ठेवले तर मान डोलावू नका. 2021 च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावी होती, 4 डिसेंबर 2024 च्या परख राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरी, सहावी, नववी. नमुन्यातली मुलंही दर वेळी वेगळी. त्यातून राज्याचं, जिल्ह्याचं चित्र मिळतं, तुमच्या वर्गाचं नाही.

मळ्यातली शाळा (कोल्हापूर जिल्हा)

ताई, तुमच्याकडून निघालेली अशी मुलं हंगामात आमच्या शाळेत येतात, म्हणून राहवलं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात कारखान्याच्या तळावरून पाच-सहा मुलं येतात. कुठल्या इयत्तेत आहेस विचारलं की सांगतात, पण काय येतं हे कळायला आमचे पंधरा दिवस जातात, आणि तोवर कधी कधी टोळी पुढच्या गावाला निघते. मुलं निघताना तुम्ही शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत शिक्षण सुरू राहावं म्हणूनचं) देता, त्याबरोबर अर्ध्या कागदावर एवढंच लिहा : वाचन परिच्छेदापर्यंत, हातच्याची वजाबाकी येते, भागाकार सुरू केलेला नाही. आम्ही तिथून पुढे शिकवू आणि मूल निघताना त्याच कागदावर नवी पायरी लिहून देऊ. तुमच्या त्या चौघांची वर्षभराची वाढ मोजायला दुसरा मार्ग मला दिसत नाही.

चौथीची वर्गशिक्षिका (बीड जिल्हा)

सगळ्यांचे मनापासून आभार. 54.4 चा हिशोब मी स्वतः करून पाहिला, तंतोतंत जुळला. अहवालासोबत आता दुसरा तक्ता जोडते आहे : दोन्ही वेळा हजर असलेली 14 मुलं, आणि खाली चौघांसाठी स्वतंत्र ओळ. ती ओळ रिकामी दिसली तरी चालेल, पण ती असायला हवी.

एक विचारायचं राहिलं. अशा फरकांवरून पुढे शिक्षकांचीच गुणवत्ता ठरवायची, असं बैठकीत बोललं गेलं. हे कुठे झालंय का?

आकडेमोड (पुणे)

झालंय. अमेरिकेत टेनेसी राज्याने 1990 च्या दशकात विल्यम सँडर्स यांच्या पद्धतीने हे सुरू केलं : मुलाच्या आधीच्या गुणांवरून अपेक्षित गुण काढायचे आणि प्रत्यक्षातला फरक शिक्षकाच्या नावावर मांडायचा. पुढे अनेक राज्यांनी तशीच गणितं शिक्षकांच्या मूल्यमापनाला जोडली. 2014 मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने त्यावर निवेदन काढलं. मुलांच्या गुणांमध्ये जी तफावत असते, तिच्यातला शिक्षकाचा वाटा बहुतेक अभ्यासांत 1 ते 14 टक्केच निघतो, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तिथे तर दरवर्षीचे गुण एका श्रेणीवर आणण्याची यंत्रणा आहे. आपल्याकडचे तीन पेपर तसे जोडलेलेच नाहीत, आणि 14 मुलांच्या वर्गात दोन मुलं आजारी पडली तरी सरासरी हलते. बैठकीत पुन्हा विषय निघाला तर तुमचा दुसरा तक्ताच पुढे ठेवा.

आणि ते चौघे जूनमध्ये परत आले की पायाभूत चाचणीची वाट बघू नका. पहिल्याच आठवड्यात वाचनाची पायरी आणि ते सात-आठ प्रश्न घ्या. कोल्हापूरच्या ताईंसारख्या कुणी कागद भरून पाठवला असेल, तर त्यावरच पुढची तारीख टाका.