'लेसर वाढवणे' की 'थर चढवणे'?

ऐरोलीकर: डिप्लोमाच्या मुलांसाठी प्लास्टिक फायबरवर चालणाऱ्या 650 नॅनोमीटरच्या लाल लेसरचं टिपण मराठीत करायचंय. इंग्रजीत लेसर 'ग्रो' करतात म्हणतात; त्याला 'लेसर वाढवणे' म्हटलं की मुलांना करंट वाढवून उजेड वाढवणं वाटतं. 'थर चढवणे' चालेल?

घणसोली: नको. रंग चढतो, मुलामा चढतो. त्याला खालच्या अणूंच्या मांडणीशी देणंघेणं नसतं. इथे गॅलियम आर्सेनाइडच्या वेफरवर (स्फटिकाच्या पातळ चकतीवर) साधारण 700 अंश सेल्सिअसला ट्रायमिथाइल गॅलियम, ट्रायमिथाइल इंडियम आणि फॉस्फीन वायुरूपात सोडतात, आणि नवे अणू खालच्या जालकाचीच (अणूंच्या नियमित जाळीचीच) मांडणी पुढे नेतात. म्हणून 'थर वाढवणे', नाम हवं तर 'स्फटिकवाढ'. वाढतो तो थर. लेसर पुढे वेफर कापल्यावर होतो.

वाशी_17: पटलं, पण 'कापल्यावर' नको. करवतीने कापलं तर कड खडबडीत होते आणि लेसरला दोन्ही टोकांना लागतो तो आरसाच मिळत नाही. स्फटिकाच्या प्रतलावर 'तोडतात'. त्या तुटलेल्या कडांवर परावर्तक लेप देतात, तिथे मात्र 'चढवणे' अगदी योग्य.

ऐरोलीकर: आणि 'लॅटिस मॅच'?

घणसोली: 'जालक जुळणे'. सोबत आकडा द्याच, नाहीतर शब्द पोकळ राहतो. वाढणाऱ्या थरात, म्हणजे गॅलियम इंडियम फॉस्फाइडमध्ये, गॅलियम-इंडियमच्या वाट्यात इंडियम सुमारे 49 टक्के असलं की खालच्या वेफरशी जालक जुळतं. ते 1 टक्क्याने हललं की अणूंमधल्या अंतरात सुमारे 0.07 टक्के फरक पडतो आणि थरावर ताण येतो. काही नॅनोमीटरची क्वांटम वेल (उजेड देणारा अतिपातळ थर) याहून कितीतरी जास्त ताण सोसते, तिथे तो मुद्दामही ठेवतात. तिच्या दोन्ही बाजूंच्या मायक्रोनभर जाडीच्या आवरण-थरात मात्र ताण साठत जातो, मर्यादा ओलांडली की जालकात दोष पडतात आणि वेफरवर आडव्या-उभ्या रेघांची जाळी दिसते. असे दोष उजेड देणाऱ्या थरात शिरले तर लेसर फार टिकत नाही. आवरण-थरात ॲल्युमिनियम असतं, त्यामुळे वायूत ओलावा किंवा ऑक्सिजन राहिला तर लेसर सुरू व्हायलाच जास्त करंट लागतो.

वाशी_17: 'ऑर्डरिंग'साठी 'क्रमण' बरं, 'क्रम' म्हटलं की मुलांना ती चांगलीच गोष्ट वाटेल. गॅलियम आणि इंडियम आलटून पालटून प्रतलांत बसले की ऊर्जा-अंतर (ज्यावर उजेडाचा रंग ठरतो ते) घटतं आणि रंग गडद लालकडे सरकतो. प्लास्टिक फायबरची 650 नॅनोमीटरजवळची खिडकी (जिथे उजेड कमी विरतो तो पट्टा) अरुंद आहे, 670 ला क्षीणन, म्हणजे उजेड विरणं, बरंच वाढतं. म्हणून क्रमण टाळायला वेफर स्फटिकाच्या सरळ प्रतलावर कापलेला न घेता सुमारे 10 अंश 'कलता' घेतात. 'तिरका' लिहू नका, मुलं रिॲक्टरमधला ट्रे तिरका करतील.