वेगासाठी आणि कुटुंबासोबतच्या फेरफटक्यासाठी एकच सिट-ऑन-टॉप कयाक पुरेल का?

मालाडकर

नमस्कार. गेले दोन हिवाळे मी मुंबईतील मार्वेच्या किनाऱ्यावरून भाड्याच्या कयाकने मनोरीच्या खाडीत वल्हवायला जात आहे आणि आता स्वतःची सिट-ऑन-टॉप कयाक, म्हणजे जिच्या आत न शिरता वर उघड्यावर बसून वल्हवायचे असते अशी छोटी होडी, घेण्याच्या विचारात आहे. माझ्या गरजा दोन असून त्या एकमेकींच्या विरोधात जातात, अशी मला शंका आहे. आठवड्यातून दोन सकाळी एकट्याने वेगाने सात-आठ किलोमीटर अंतर कापावे आणि व्यायाम व्हावा, ही पहिली गरज. रविवारी पत्नीने आणि अकरा वर्षांच्या मुलीने आळीपाळीने तीच कयाक निर्धास्तपणे वापरावी, ही दुसरी. मुलीला पोहता येते, पत्नी अजून शिकत आहे.

माझ्यासमोर सध्या तीन पर्याय आहेत आणि तिन्ही रोटोमोल्ड केलेल्या, म्हणजे फिरत्या साच्यात ओतून घडवलेल्या, प्लॅस्टिकचे आहेत. पहिली कयाक दहा फूट लांब आणि ३१ इंच रुंद, दुसरी साडेतेरा फूट लांब आणि २८ इंच रुंद, तर तिसरी सोळा फूट लांब आणि २५ इंच रुंद आहे. विक्रेत्याने सोळा फुटी कयाकच्या वेगाची बरीच स्तुती केली, परंतु तो फरक प्रत्यक्षात किती जाणवतो हे मला ठरवता येत नाही. आमच्या सोसायटीच्या वाहनतळात भिंतीलगत चौदा फुटांपर्यंतची वस्तू ठेवण्याची परवानगी मिळाली आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

दुपाती वल्हे

आपण लांबी आणि रुंदी दोन्ही दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. पाणी कापत जाणाऱ्या होडीच्या वेगाला तिच्या पाण्यातील लांबीमुळे एक मर्यादा पडते. लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ने गुणले की ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. दहा फुटांना ती सुमारे ४.२ नॉट, म्हणजे ताशी ७.८ किलोमीटर येते, आणि सोळा फुटांना सुमारे ५.४ नॉट, म्हणजे ताशी ९.९ किलोमीटर. प्रत्यक्षात पाण्याला टेकलेली लांबी एकूण लांबीपेक्षा थोडी कमी असते, त्यामुळे हे आकडे किंचित खाली धरावेत. या मर्यादेच्या जवळ गेल्यावर होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते आणि त्यापुढे कितीही जोर लावला तरी वेग फारसा वाढत नाही.

तरीही केवळ या सूत्रावर कयाक निवडू नये, असे माझे ठाम मत आहे. आपल्यासारखा माणूस तासभर टिकवू शकेल असा वेग या मर्यादेच्या बराच खाली असतो. रुंद दहा फुटी कयाकमध्ये तो ताशी पाच किलोमीटरच्या आसपास राहतो, तर लांब आणि अरुंद कयाकमध्ये सहा ते साडेसहापर्यंत जातो. संथ वेगात मुख्य विरोध लाटेचा नसून तळाला घासणाऱ्या पाण्याचा असतो, आणि लांब होडीचा ओला पृष्ठभाग अधिक असल्याने रमतगमत जाणाऱ्याला तिचा काहीच लाभ होत नाही. म्हणून आपल्या मुलीला सोळा फुटी कयाक दहा फुटीपेक्षा जडच वाटेल.

रुंदीविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सिट-ऑन-टॉपमध्ये बसायची जागा पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावी लागते, कारण तळातून आरपार गेलेल्या स्कपरच्या भोकांवाटे आत आलेले पाणी आपोआप बाहेर पडायला हवे. बैठक उंच झाली की गुरुत्वमध्यही उंचावतो आणि तो सावरण्यासाठी होडी रुंद करावी लागते. त्यामुळे समान लांबीच्या बंदिस्त कयाकशी तुलना केली, तर सिट-ऑन-टॉप बहुधा थोडी मागे पडते. ज्यांना वेगच हवा असतो ते याच कुळातील सर्फस्कीकडे वळतात. ती ४३ ते ५० सेंटिमीटर रुंद असते, पण तिच्यावर नुसते स्थिर बसायला शिकण्यातच अनेक आठवडे जातात. कुटुंबासाठी ती नाही.

माझी पसंती साडेतेरा फुटीला आहे.

मनोरीची लाट

वरील प्रतिसादातील गणित मला मान्य आहे, परंतु खाडीच्या प्रवाहाचा विचार त्यात राहून गेला. समजा, ओहोटीचा प्रवाह ताशी साडेतीन किलोमीटर आहे आणि आपल्याला त्याच्या विरुद्ध परतायचे आहे. ताशी पाचने जाणारी कयाक प्रत्यक्षात दीड किलोमीटर पुढे सरकेल आणि साडेसहाने जाणारी तीन. स्थिर पाण्यात जो फरक तीस टक्क्यांचा दिसतो, तो येथे दुपटीचा होतो. म्हणून माझ्या दृष्टीने वेग ही हौस नसून घरी परत येण्याची सोय आहे, आणि दहा फुटी कयाक मी आपल्या यादीतून सर्वप्रथम काढून टाकेन.

अर्थात प्रवाहाशी झुंजण्याची वेळच येऊ नये, हे अधिक चांगले. आमच्या कोळीवाड्यात जुनी माणसे तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चारने भागले की भरतीची साधारण वेळ मिळते. अमावस्येला आणि पौर्णिमेला, म्हणजे पंधराव्या तिथीला, ती सव्वाअकराच्या सुमारास येते, म्हणजे उधाणाच्या, मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांत पहाटे पाच-सहाला नेमकी ओहोटी असते आणि किनाऱ्यावर गुडघाभर चिखल तुडवत कयाक ओढत न्यावी लागते. याउलट दशमीला भरती साडेसातला येते आणि ते दिवस भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, असल्यामुळे पाण्याला ओढही कमी असते. सव्वासहाला निघून चढत्या पाण्याबरोबर खाडीत आत जावे, साडेसातला वळावे आणि उतरत्या पाण्याबरोबर परतावे. पत्नीला आणि मुलीला प्रथम नेताना नवमी, दशमी किंवा एकादशीच निवडावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ही वेळ ढोबळ असते, म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ती अवश्य ताडून पाहावी.

खाडीच्या तोंडाशी डोल जाळ्यांचे, म्हणजे प्रवाहात खुंटांना बांधून ठेवलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे, खुंट आणि दोर असतात. प्रवाह कयाकला आडवी करून त्यांच्यावर नेऊन दाबतो, आणि लांब कयाक तेथे अधिक वाईट अडकते, कारण ती चटकन वळत नाही. मार्वे-मनोरी फेरीबोटीच्या वाटेतही रेंगाळू नये.

खाडीकाठ

मी सहा वर्षांपासून चौदा फुटी सिट-ऑन-टॉप वापरते, तेव्हा दोन अनुभवाच्या गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट उलटण्याविषयी. सिट-ऑन-टॉप घेण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे की ती उलटली तरी आत पाणी भरत नाही. ती सरळ करावी, मधोमध पालथे पडून पोट तिच्यावर ओढून घ्यावे, मग पाठीवर वळून बसावे आणि शेवटी पाय आत घ्यावेत. ३१ इंची कयाकवर हे पहिल्या दिवशी जमते. २८ इंचीवर चार-पाच वेळा सराव करावा लागतो. २५ इंचीवर दमलेल्या, नुकते पोहायला शिकलेल्या माणसाला ते जमेल याची खात्री मी देणार नाही. आपल्या पत्नीने छातीएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, हा सराव आपल्यासमोर केल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ नये.

दुसरी गोष्ट पोकळ तळाविषयी. एकदा पाणी काढण्याचे बूच घट्ट न लावताच मी निघाले. तासाभरात तळाच्या पोकळीत बरेच पाणी साचले आणि कयाक प्रत्येक वल्ह्यासरशी डावीउजवीकडे डोलू लागली. वरून काहीच दिसत नव्हते, म्हणून कारण लक्षात यायला फार वेळ लागला. तेव्हापासून निघताना बूच आणि झाकणे हाताने दाबून पाहते, आणि परतल्यावर कयाक हलवून आत पाण्याचा आवाज येतो का, तेही ऐकते. जुनी कयाक घेणार असाल तर स्कपरच्या भोकांच्या कडांना बारीक तडे गेले आहेत का, हे उजेडात नीट पाहा, कारण ढकलगाडीचे दांडे याच भोकांत बसवले जातात आणि सगळा भार तेथे येतो.

वजनाचा प्रश्न कोणीच काढला नाही. साडेतेरा फुटी प्लॅस्टिकची कयाक सुमारे २७ ते ३० किलोची असते. वाहनतळापासून गाडीच्या टपापर्यंत ती एकट्याने रोज उचलणे कठीण जाते, आणि ज्या सकाळी ती उचलवत नाही त्या सकाळी वेगाचा काही उपयोग नसतो. किनाऱ्याजवळ सावलीत ठेवण्याची सोय झाली, तर तो मार्ग अधिक चांगला.

मालाडकर

सर्वांचे मनापासून आभार. सोळा फुटी कयाकचा विचार मी सोडला आहे. दशमीच्या सकाळी साडेतेरा फुटी कयाक मागवून घेऊन आम्ही तिघेही तिच्यावर आळीपाळीने बसून पाहणार आहोत, आणि उलटण्याचा सराव त्याच दिवशी किनाऱ्यालगत करू. एकच शंका उरली आहे. माझ्याकडे २४० सेंटिमीटरचे वल्हे आहे. ते या कयाकला चालेल का?

दुपाती वल्हे

२४० सेंटिमीटरचे वल्हे ३१ इंची कयाकसाठी योग्य असते. २८ इंचीवर ते वापरता येईल, परंतु पाते होडीपासून दूर पडते, पुढचे टोक प्रत्येक वल्ह्याला बाजूला वळते आणि खांद्यावर ताण येतो. आपल्यासाठी २३० आणि मुलीसाठी २१० ते २२० घ्यावे. पायांचे टेकू मात्र तिघांच्याही उंचीनुसार मागेपुढे सरकतात का, हे त्या सकाळी आधी तपासा. टेकूवर पाय रेटून कमरेपासून वळता आले, तरच साडेतेरा फुटांचा वेग हाती लागतो. नुसत्या दंडांच्या जोरावर वल्हवल्यास ती कयाक दहा फुटीसारखीच चालेल.