सांगलीत बसून देवमाशांवर प्रकल्प: जहाजांच्या वेगाचा हिशेब कुठे चुकतोय?

हळदबाजार:
सांगलीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. प्रकल्पाला उत्तर अटलांटिक राइट व्हेल घेतलाय. चारशेसुद्धा उरलेले नाहीत. माणसामुळे मरतात ते मुख्यतः जहाजाच्या धडकेने, नाहीतर मासेमारीच्या दोरात अडकून. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर २००८ पासून ठरावीक पट्ट्यांत, ठरावीक महिन्यांत, ६५ फूट आणि त्याहून लांब जहाजांना १० नॉटची (तासाला १० सागरी मैल) मर्यादा आहे. फ्लोरिडा-जॉर्जियाच्या पट्ट्याच्या जानेवारीतल्या एआयएस नोंदी (जहाजं आपली जागा आणि वेग आपोआप कळवतात ते संदेश) मरीन कॅडॅस्टर या अमेरिकी सरकारी संकेतस्थळावरून उतरवल्या. सगळ्या नोंदींच्या वेगाची सरासरी १० च्या बरीच खाली येते. म्हणजे सगळे नियम पाळतात? मला तरी पटत नाही. आणि हे आकडे देवमाशांच्या मृत्यूंशी जोडता येतील का?

दीपस्तंभ:
घोळ सरासरीतच आहे. नांगर टाकून उभं असलेलं जहाजही दर ३ मिनिटांनी नोंद पाठवतं, म्हणजे दिवसाला ४८०. त्या फाइलींत चालत्या जहाजाची मिनिटाला साधारण एक नोंद ठेवलेली असते. १८ नॉटने २० सागरी मैलांचा पट्टा कापणारं जहाज ६७ नोंदींत निघून जातं. तुमच्या सरासरीत उभ्या जहाजांचाच आवाज मोठा आहे.

नोंदी मोजू नका, अंतर मोजा. आधी १०२.३ वेग असलेल्या ओळी काढा. त्याचा अर्थ ‘वेग उपलब्ध नाही’ असा आहे. लांबी मीटरमध्ये असते, म्हणून १९.८ ची चाळणी लावा. लांबी कोरी किंवा शून्य असेल तर ते जहाज लहान समजू नका, वेगळं ठेवून किती निघाली ते अहवालात लिहा. प्रकार ३५ (लष्करी) आणि ५५ (पोलिसी) वगळा, सरकारी जहाजांना बहुतांशी सूट आहे. मग प्रत्येक एमएमएसआय क्रमांकाच्या (जहाजाच्या रेडिओ ओळख क्रमांकाच्या) नोंदी वेळेनुसार लावून लागोपाठच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढा. मध्ये १० मिनिटांपेक्षा मोठी खिंडार असेल तर तिथे तुकडा तोडा. एकच क्रमांक दोन जहाजांनी वापरला की २०० नॉटच्या उड्या दिसतात. तेही तुकडे टाकून द्या. शेवटी १० नॉटच्या वर कापलेलं अंतर भागिले एकूण अंतर.

एक मात्र सांभाळा. वादळवाऱ्यात जहाज ताब्यात ठेवण्यासाठी कप्तानाला वेग वाढवता येतो, आणि त्याची नोंद जहाजाच्या लॉगबुकात होते, एआयएसमध्ये नाही. त्यामुळे ‘नियमभंग’ लिहू नका, ‘१० नॉटच्या वर’ एवढंच लिहा.

प्रीतिसंगम:
वरच्या हिशेबात १०.२ आणि १८ नॉट एकाच खात्यात जातात, हे मला खटकतं. २००७ च्या अभ्यासानुसार धडक बसली तर ती जीवघेणी ठरण्याची शक्यता ८.६ नॉटला २१ टक्के आणि १५ नॉटला ७९ टक्के आहे. लॉजिस्टिक समीकरणात उणे ४.८९ अधिक ०.४१ गुणिले वेग घाला: १० नॉटला ३१ टक्के येतात, १८ ला ९२. प्रत्येक तुकड्याच्या अंतराला हा भार द्या. ही धडक *झाल्यावरची* शक्यता आहे, धडक होण्याची नव्हे, हे ठळक लिहा.

मृत्यूंशी थेट जोडायला जाऊ नका. १९९० ते २०१७ मध्ये झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम ३६ टक्के सापडल्याचा अंदाज आहे. मृतदेह वाहत जातो, त्यामुळे सापडला तिथेच धडक झाली असं धरता येत नाही. कारणही वरून कळतंच असं नाही. जहाजाच्या पंख्याचे समांतर घाव लगेच ओळखू येतात; पण नाळेचा (जहाजाच्या पुढच्या टोकाचा) बोथट मार बसला तर कातडी गुळगुळीत राहते, आणि चरबीचा थर कापल्यावर खाली मोडलेला जबडा आणि स्नायूत साकळलेलं रक्त दिसतं. रक्त साकळलेलं नसेल तर जहाज आधीच मेलेल्या प्राण्यावर आदळलेलं असू शकतं. कुजलेल्या देहात हा फरक करणं फार अवघड जातं.

दोराचा धोका तुमच्या फाइलींत दिसणारच नाही. शेवंडांच्या सापळ्यापासून बोयाकडे जाणारा उभा दोर उघड्या तोंडात शिरून अन्न गाळणाऱ्या झालरीत अडकतो आणि जनावर महिनोन्‌महिने खंगत मरतं. ८० टक्क्यांहून जास्त राइट व्हेलच्या अंगावर दोराचे वण आहेत. प्रस्तावनेत याला एक परिच्छेद द्याच.

हळदबाजार:
आभार. हीच पद्धत कोकण किनाऱ्याला लावता येईल?

दीपस्तंभ:
तिथे देवमाशांसाठी वेगमर्यादाच नाही, त्यामुळे तपासायला नियम नाही. भारित अंतराचा नकाशा मात्र करता येईल. किनाऱ्यावरचे एआयएस ग्राहक साधारण ४० सागरी मैलांपर्यंतच ऐकतात. त्यापलीकडे उपग्रहाच्या नोंदी विरळ असतात, म्हणून १० मिनिटांची अट तिथे वाढवावी लागेल.