सीसीएनए घरीच अभ्यासून: सबनेटिंग आणि लॅब अडलंय

प्रश्न (विटा): क्लाससाठी रोज सांगलीला जाणं जमत नाही. सीसीएनएचा (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा, कोड २००-३०१) अभ्यास घरीच चालू आहे. सबनेटिंगला, म्हणजे नेटवर्कचे छोटे भाग पाडण्याच्या गणिताला, फार वेळ लागतो, आणि पॅकेट ट्रेसरमध्ये (सिस्कोचं सरावाचं सॉफ्टवेअर) ओएसपीएफची (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात ती पद्धत) जोडणी होत नाही. राउटर विकत घ्यावा का?

उत्तर (मिरज): राउटर नको, पॅकेट ट्रेसर पुरेसं आहे आणि फुकट आहे. सबनेटिंगला बायनरी मांडत बसू नका, ब्लॉक काढा. १९२.१६८.१०.७७/२७ घ्या: /२७ म्हणजे पत्त्यातले पहिले २७ बिट नेटवर्कचे, म्हणून मास्कचा शेवटचा आकडा २२४, आणि २५६ वजा २२४ म्हणजे ३२. ३२ च्या पाढ्यात ७७ च्या आधी ६४ येतो, तेच नेटवर्क. ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवायचा पत्ता) ९५, होस्ट (यंत्रांना देता येणारे पत्ते) ६५ ते ९४. रोज वीस गणितं कागदावर करा, कॅल्क्युलेटर नको. परीक्षेत तो मिळत नाही.

उत्तर (कराड): ओएसपीएफमध्ये आधी वाइल्डकार्ड (सबनेट मास्कचा उलटा) बघा. /२७ ला ०.०.०.३१ लागतो, तिथे बहुतेक जण सबनेट मास्कच टाकतात. मग दोन्हीकडे एरिया (राउटरच्या गटाचा क्रमांक) आणि टायमर सारखे हवेत. इथरनेटवर हॅलो (शेजाऱ्याला ओळखीचा निरोप) दर १० सेकंदांनी, डेड (निरोप न आल्यास शेजारी गेला असं समजण्याची वेळ) ४० सेकंद. ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ रिकामं आलं तर ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ने पोर्ट चालू आहे का बघा. राउटरचे पोर्ट मुळात बंदच असतात, ‘नो शटडाउन’ द्यावंच लागतं.

उत्तर (मिरज): आणि लाइट जाण्याआधी ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ करून पॅकेट ट्रेसरची फाइलही सेव्ह करा. नुसती कमांड पुरत नाही. परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, म्हणून घड्याळ लावून सराव करा. वेळ १२० मिनिटं.